मोलॅसिसवर पोसलेले बैल



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात तोडणीच्या तक्रारींच्या जोडीला गोठ्यातले प्रश्नही यायला लागतात. "वाढं भरपूर घालतोय, तरी कालवड अंगात का भरत नाही?" हा एक. आणि दुसरा, "कारखान्याची एवढी मळी आहे, ती जनावराला घातली तर नाही का चालणार?" मळी म्हणजे इथे मोलॅसिस. शेतात टाकतो ती प्रेसमड नव्हे. आपल्याकडे दोन्हीला मळीच म्हणतात, म्हणून या लेखात आम्ही मोलॅसिस हाच शब्द वापरणार आहोत.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका लांबच्या देशात साठ वर्षांपूर्वी शोधली गेली. तो देश क्यूबा. उसाचा देश, आणि मोलॅसिसवर हजारो जनावरे पोसून पाहिलेला देश. ती हकीकत आज सांगायची आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे प्रयोग मांसासाठी वाढवलेल्या बैलांवर झाले. तो धंदा आपला नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल व वळूही त्यात आले. मग आपण हे वाचायचे कशाला? तर पोट तेच आहे म्हणून. खाल्लेल्या चाऱ्याचे पुढे दूध होणार, ओढ होणार की मांस, हे जनावराच्या कोठीपोटाला ठाऊक नसते. शिवाय दुधाच्या धंद्यात चाऱ्याचा हिशेब बराचसा झाकलेला राहतो. मांसाच्या धंद्यात तो झाकता येत नाही, कारण तिथे शेवटी जनावर उघडून, वजन करून, चरबी कुठे बसली आणि मांस कुठे हे डोळ्यांनी पाहतात.

उतारा तिथेही आहे

त्या धंद्यात मुख्य आकडे दोन. पहिला, किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागले. अमेरिकेतल्या मोठ्या फीडलॉटमध्ये, म्हणजे जिथे हजारो बैल कुंपणात ठेवून मक्यावर पोसतात तिथे, एक किलो वजनवाढीला कोरड्या वजनाने साधारण सहा ते सात किलो खाद्य लागते. ब्रॉयलर कोंबडीला दोन किलोही लागत नाही. रवंथ करणारे जनावर या शर्यतीत मागेच राहणार. पण कोंबडीला वाढे खाता येत नाहीत, हेही खरे.

दुसरा आकडा आपल्या सभासदाला लगेच कळेल. तो म्हणजे उतारा. जिवंत जनावर काट्यावर चढवले, मग डोके, कातडे, खूर, आतडी काढून जे धड राहिले त्याचे वजन केले. शंभर किलोमागे किती राहिले तो उतारा. मक्यावर पोसलेल्या अमेरिकन बैलाचा उतारा बासष्ट-त्रेसष्टच्या आसपास पडतो, नुसत्या चाऱ्यावरच्या जनावराचा पन्नास ते पंचावन्न. कारण साधे आहे. चाऱ्यावरच्या जनावराचे पोट मोठे असते आणि त्यात चारा-पाणी भरलेले असते. काट्यावर ते जड भरते, पण तो जडपणा पोटातला. उसाच्या मोळीत पाचट राहिले की टनेज वाढते आणि रिकव्हरी पडते, त्यातलाच हा प्रकार.

आता मांसाची प्रत. अमेरिकेत धडाचा बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये छेद घेतात आणि तिथल्या लाल मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा किती आहेत ते बघतात. रेषा जास्त तर 'प्राइम', त्याखाली 'चॉइस', त्याखाली 'सिलेक्ट'. मांस शिजल्यावर रसाळ लागते ते या रेषांमुळे, म्हणून भाव त्यांना. कातड्याखालच्या किंवा पोटातल्या जाड चरबीला मात्र कोणी विचारत नाही. ती कापून टाकावी लागते.

चरबीचा रंगही चाऱ्यावर जातो. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन असते. ते गायीच्या जातीत चरबीत उतरते आणि चरबी पिवळी होते. मक्यावर पोसलेल्याची चरबी पांढरी राहते आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला पांढरीच लागते. आपल्या गायीचे तूप पिवळे आणि म्हशीचे पांढरे का, याचेही मूळ तिथेच आहे. म्हैस कॅरोटीनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते, गाय सगळे करत नाही. जपानी लोकांनी यातून एक भलताच उद्योग काढला. त्यांच्या वाग्यू जातीच्या बैलांना वाढीच्या मधल्या काळात अ जीवनसत्त्व मुद्दाम कमी देतात, कारण त्याने मांसातल्या रेषा वाढतात. हात जरा जास्त आखडला की जनावराला रातांधळेपणा येतो. भावासाठी माणूस कुठवर जातो बघा.

खरी मेख पुढे आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. लाल मांसाच्या किलोत पाऊण किलो पाणीच असते. चरबीच्या किलोत पाणी जवळजवळ नाही आणि ऊर्जा मात्र नऊ हजारांवर किलोकॅलरी. म्हणजे तरुण जनावर हाडामांसाने वाढते तोवर खाद्य कमी लागते. ते भरत आले, चरबी धरू लागले, की त्याच एका किलोला कितीतरी जास्त खाद्य घालावे लागते. प्रत हवी तर खाद्य ओता, खाद्य वाचवायचे तर प्रत सोडा. ही ओढाताण जगातल्या प्रत्येक गोठ्यात आहे.

क्यूबाची गोष्ट

टी. आर. प्रेस्टन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. १९६० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये त्यांनी बैलांना जवळजवळ नुसत्या बार्लीच्या धान्यावर गोठ्यातच वाढवून वर्षाच्या आत-बाहेर तयार करण्याची पद्धत बसवली. पुढे १९६० च्या दशकाच्या मध्यात ते क्यूबात गेले. हवानाजवळ १९६५ मध्ये पशुविज्ञान संस्था उभी राहिली होती. तिथे बार्ली नाही, मका माणसालाच पुरत नाही. होता तो ऊस, आणि साखर काढून उरलेले मोलॅसिस. तेव्हा प्रश्न असा पडला की, धान्याची जागा मोलॅसिस घेईल का?

जनावरे होती ती बहुतेक झेबू, म्हणजे वशिंडाची, ब्राह्मन रक्ताची. हे ब्राह्मन नाव ऐकून दचकू नका. अमेरिकेत ती जात तयार झाली ती आपल्याकडून गेलेल्या गुरांपासून. कांक्रेज, गीर, ओंगोल, आणि आपली कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. आपल्या खिलाराच्या शेजारची ही जात आज इकडे शोधावी लागते, आणि तिचे रक्त मात्र तिकडे फिरते आहे.

मोलॅसिसची अडचण पहिल्या दिवसापासून होती. त्यात साखर निम्म्याच्या आसपास, पण प्रथिने तीन-चार टक्के, तीही हलकी. फॉस्फरस नावाला. तंतू तर नाहीच. नायट्रोजनासाठी त्यात शेकडा तीन किलोपर्यंत युरिया विरघळवला. कोठीपोटातले जंतू युरियाचा नायट्रोजन आणि मोलॅसिसची साखर घेऊन स्वतःचे शरीर बनवतात, आणि ते जंतू पुढे पचून जनावराला प्रथिने मिळतात. कागदावर हिशेब बरोबर. एक किलो युरियातला नायट्रोजन पावणेतीन किलोच्या वर प्रथिनांइतका असतो.

हे मिश्रण गव्हाणीत मोकळे ठेवले, वर थोडा हिरवा चारा दिला. बैल चाटत राहिले, पण वाढले ते बेताचेच. रोजची वाढ अर्ध्या किलोच्या आत. मग रोज जेमतेम चारशे ग्रॅम मासळीची पेंड, म्हणजे फिशमील, घालून पाहिले. वाढ जवळजवळ दुप्पट झाली, पाऊण किलोच्या वर गेली. चारशे ग्रॅम म्हणजे बैलाच्या दिवसाच्या खाण्यात चिमूट. पण त्या चिमटीवाचून बाकीचे सगळे मोलॅसिस वाया जात होते.

असे का झाले? साधे प्रथिन कोठीपोटात फुटते आणि जंतूंच्या कामी येते. मासळीचे प्रथिन तिथे फुटत नाही, सरळ पुढे आतड्यात जाते आणि वाढत्या जनावराला जसेच्या तसे मिळते. याला बायपास प्रथिन म्हणतात. वाढत्या अंगाला नुसत्या जंतूंचे प्रथिन पुरत नाही, हे क्यूबाच्या प्रयोगातून जितके स्वच्छ दिसले तितके क्वचितच कुठे दिसले असेल.

तरीही खाद्याचा हिशेब मक्याच्या बरोबरीला आला नाही. किलोभर वाढीला मोलॅसिसच नऊ-दहा किलोच्या घरात लागे. त्यातले पाणी वजा केले तरी हिशेब महागच. कारण पुन्हा कोठीपोटात आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या गोठ्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जनावर खाते ते पिष्ट, साखर, तंतू, सगळे कोठीपोटात आंबते आणि त्याची तीन आम्ले होतात. चाऱ्याच्या तंतूपासून मुख्यतः ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगारचे आम्ल. मक्यासारख्या धान्यापासून प्रोपिऑनिक जास्त. मोलॅसिसच्या साखरेपासून ब्युटिरिक जास्त आणि प्रोपिऑनिक कमी. यातल्या प्रोपिऑनिकपासूनच जनावराचे यकृत ग्लुकोज बनवते. मांसातल्या चरबीच्या रेषा बनायला ग्लुकोज लागते, मेंदू चालायला ग्लुकोज लागते, दुधातली साखर बनायलाही ग्लुकोजच लागते. म्हणजे गंमत बघा. साखरेने पोट तुडुंब भरलेल्या जनावराच्या रक्तात साखरेचा तुटवडा! कारण खाल्लेली साखर रक्तापर्यंत साखर म्हणून पोचतच नाही. ती वाटेत जंतू खाऊन टाकतात.

हा तुटवडा वाढला की काय होते, तेही क्यूबाने पाहिले. चारा कमी पडला किंवा मोलॅसिस एकाएकी वाढवले की एखादा बैल मान खाली घालून उभा राही, लाळ गाळी, दिसेनासे झाल्यासारखा कुंपणाला धडके, अडखळे. तिथले लोक त्याला 'बोर्राचेरा' म्हणत, म्हणजे दारू चढणे. पोटात मद्य झाले असेल, असे पाहणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात मेंदूचा वरचा थर ग्लुकोजवाचून आणि बी-१ जीवनसत्त्वावाचून मरत असतो. वेळेत मोलॅसिस तोडून हिरवा चारा दिला तर जनावर वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर गेलेच. म्हणून ताजा चारा निदान वजनाच्या दीड टक्का, म्हणजे तीनशे किलोच्या बैलाला साडेचार किलो, रोज पडलाच पाहिजे, असे तिथे गणित बसवलेले होते. चारा तिथे पोषणासाठी नव्हता, तर पोट हलते राहावे, रवंथ व्हावा, लाळ सुटावी म्हणून होता.

पुढे क्यूबाचे काय झाले हे थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये ८५ लाख टन साखर केलेला हा देश. १९९१ नंतर सोव्हिएत खरेदी थांबली, बाहेरून येणारे खाद्य आणि इंधन थांबले, २००२ मध्ये जवळजवळ निम्मे साखर कारखाने बंद करण्याचे ठरले आणि २०२३ च्या हंगामात साखर चार लाख टनांच्याही आत आली. ऊस गेला तसे मोलॅसिसही गेले. तिथला शेतकरी तर २०२१ पर्यंत सरकारच्या परवानगीवाचून स्वतःचे जनावर कापूही शकत नव्हता आणि मांस विकूही शकत नव्हता. शास्त्र चांगले होते, पण ते ज्या कारखान्यांवर उभे होते तेच राहिले नाहीत.

ब्राझीलने वेगळा रस्ता धरला. तिथे बगॅस उच्च दाबाच्या वाफेत शिजवून एकदम दाब सोडतात. कच्चे बगॅस जनावराला पाव हिस्साही नीट पचत नाही, शिजवलेले निम्म्यावर पचते. १९८० च्या दशकापासून साओ पाउलो भागातल्या काही कारखान्यांच्या शेजारी अशा बगॅसवर नेलोर बैलांचे फीडलॉट चालले. नेलोर म्हणजे आपला आंध्रातला ओंगोल. आपल्याकडे बगॅस बॉयलरला जाते आणि विजेचे पैसे मिळतात, तेव्हा तो हिशेब इथे बसेल असे आम्हाला वाटत नाही.

आता आपला गोठा

मोलॅसिसही आता पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. एक टन उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो निघते आणि ते इथेनॉलला जाते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मोलॅसिसच्या निर्यातीवर ५० टक्के कर बसवला, तो देशातल्या डिस्टिलऱ्यांना माल राहावा म्हणूनच. तेव्हा क्यूबासारखे पिंपच्या पिंप मोलॅसिस गव्हाणीत ओतायची वेळ आपल्यावर येणार नाही, आणि येऊही नये. पशुखाद्यात दहा टक्क्यांपर्यंत मोलॅसिस असते ते चव, ऊर्जा आणि कांडी बांधण्यासाठी, तेवढे ठीक. चाटणविटा मिळतात त्यात युरिया, मोलॅसिस आणि खनिजे एकत्र घट्ट केलेली असतात. आपल्याकडे हे काम १९८० च्या दशकात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे आणले. विटेचा फायदा हा की जनावर हळूहळू चाटते, युरिया एकदम पोटात जात नाही.

पण कोणी घरी खताच्या गोणीतला युरिया मोलॅसिसमध्ये कालवून घालू नका. अंदाज चुकला की अर्ध्या-एक तासात जनावर फुगते, थरथरते, तोंडाला फेस येतो, आणि डॉक्टर येईपर्यंत खेळ संपतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तर युरियाची वीटही दाखवू नये. त्याचे कोठीपोट अजून तयार नसते.

वाढ्यांकडे येतो. वाढे म्हणजे अर्धे मोलॅसिससारखेच. साखर आहे, जनावर आवडीने खाते, पोट भरते. कोरड्या वजनावर प्रथिने मात्र पाच-सहा टक्के. म्हणजे क्यूबाच्या बैलाला मासळीवाचून जे झाले तेच आपल्या कालवडीला पेंडीवाचून होते. हंगामाचे चार-पाच महिने वाढ्यांवर उभी राहिलेली कालवड पोटाने मोठी दिसते, अंगाने नाही. तीन वर्षांची झाली तरी माजावर येत नाही, आणि आपण म्हणतो बीज चांगले नव्हते. तिला रोज किलोभर सरकी पेंड घाला. सरकीतले बरेचसे प्रथिन कोठीपोट चुकवून पुढे जाते, म्हणजे मासळीचे काम ती करते. लसूणघास असेल तर सोन्याहून पिवळे.

पण भरड्याचा मारा करून तिला लठ्ठही करू नका. मघाशी चरबीचे सांगितले ते इथे लागू पडते. वयात येण्याआधी जास्त धान्य खाल्लेल्या कालवडीच्या कासेत दुधाच्या पेशींच्या जागी चरबी भरते. दिसायला ती गावात एक नंबर दिसते. वेतात आली की डेअरीच्या मापात कळते.

दुधाच्या गायीत उलटे ध्यानात ठेवायचे. धान्य जास्त आणि चारा कमी झाला की प्रोपिऑनिक वाढते, ॲसेटिक घटते, आणि दुधाची फॅट पडते. कारण दुधातली चरबी बरीचशी ॲसेटिकपासून बनते. जे खाद्य अमेरिकन बैलाच्या अंगावर चरबी चढवते तेच आपल्या गायीच्या दुधातली उतरवते. फॅट लागत नाही म्हणून अजून भरडा वाढवणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. त्यांनी भरडा जरा कमी करून कडबा किंवा लांब तंतूचा चारा वाढवून पाहावा.

वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्लही असते, हे बहुतेकांनी ऐकले आहे. ते कॅल्शियम धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. व्यालेल्या गायी-म्हशी हंगामात बसतात, त्यामागे पुष्कळदा हे असते. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी वरची निवळी वाढ्यांच्या कुट्टीवर शिंपडावी आणि मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. निम्मे वाढे आणि निम्मा कडबा किंवा दुसरे गवत असे मिसळले तर त्याहून बरे.

आणखी एका नव्या मालाबद्दल. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलऱ्या आता वाढल्या आहेत आणि त्यांचा चोथा डीडीजीएस या नावाने पोत्यांतून पेंडीच्या दुकानात येतो. अमेरिकेत नेब्रास्काकडे हाच चोथा ओला असतानाच बैलांना घालतात आणि वाढीला तो मक्याइतका किंवा सरस ठरला आहे. मक्यातले पिष्ट दारूला जाते, म्हणून उरलेले प्रथिन, तेल आणि फॉस्फरस साधारण तिप्पट होते. पण जे वाईट असेल तेही तिप्पट होते. मका बुरशीचा असेल तर अफ्लाटॉक्सिन चोथ्यात साठते, गाईच्या दुधात उतरते आणि दूध परत येते. गंधक जास्त असेल तर क्यूबाच्या त्या 'दारू चढलेल्या' बैलासारखाच मेंदूचा आजार होतो, हे अमेरिकेत दिसून आले आहे. तेव्हा पोते घेताना आधी हात घालून वास बघा. कुबट वाटला, रंग करपल्यासारखा काळपट दिसला, तर स्वस्त आहे म्हणून उचलू नका. दुकानदाराकडे अफ्लाटॉक्सिन तपासणीचा दाखला मागा. सुरुवात दिवसाला अर्ध्या किलोने करा, आठवडाभर शेण आणि दूध पाहा आणि मगच वाढवा.